रंग काढलेला फ्लेक्स

साखर कारखान्याचे फोटो काढणारी बाई आमच्या भागात दोनच प्रकारची असू शकते: एक तर विमा कंपनीची, नाहीतर विरोधी पॅनलची. मी दोन्हींतली नव्हते. मी कारखान्याच्याच शाळेत चित्रकला शिकवते आणि मला धुराडी आवडतात. हे वाक्य मी पहिल्यांदा कारखान्याच्या गेटवर म्हटलं तेव्हा वॉचमनने मला नखशिखांत न्याहाळलं आणि घरचं सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

कारखान्याचं नाव सांगत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यात, एक गुपित ठेवलं की दहा कारखान्यांवर संशय जातो, त्यामुळे सगळेच सुरक्षित राहतात. जिल्ह्याच्या उत्तरेला, कालव्याच्या पाण्यावर, उसात बुडालेला असा तो आहे, एवढं पुरे. त्याच्या अध्यक्षांना सगळे साहेब म्हणतात. साखर, दूध, पतसंस्था आणि आमची शाळा या सगळ्यांचे अध्यक्ष तेच. फक्त पाऊस अजून त्यांच्या ताब्यात आलेला नाही.

कॅमेरा मी एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतला होता. सुरुवातीला मी रंगीत फोटो काढायचे आणि सुखी होते. मग पुण्यात दोन दिवसांच्या शिबिराला गेले. तिथल्या दाढीवाल्या सरांनी सांगितलं की रंग म्हणजे गोंगाट आहे, इमारतीचा आत्मा दिसायला हवा असेल तर रंग काढून टाका. सरांनी आयुष्यात चालू कारखाना पाहिला असेल असं मला वाटत नाही. पण पुण्याचा माणूस इतक्या हळू आवाजात काही सांगतो तेव्हा ते खरंच असतं, अशी माझी पक्की समजूत होती. घरी आले आणि ब्लॅक अँड व्हाइट झाले. कृष्णधवल हा शब्दही तेव्हाच शिकले आणि शाळेत दिवसातून चारदा वापरू लागले.

मग मी सुट्टीच्या दिवशी धुराडी, पत्र्याच्या शेड, मळीच्या टाक्या, जिन्यांच्या सावल्या असलं काय काय टिपत सुटले. सुप्याच्या एमआयडीसीतही एकदा गेले. तिथल्या रखवालदाराने कॅमेऱ्यातले सगळे फोटो पुसायला लावले आणि वर, "ताई, बागंत जावा की, फुलं लई हायत," असा सल्ला दिला. आपल्या कारखान्यात मात्र मला मोकळीक होती, कारण आमचे हे तिथल्या बॉयलरवर कामाला. बॉयलर हाऊसमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांना मी माझे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिले आणि विचारलं, "पोरी, आग बी काळीच काढली व्हय?" मी त्यांना आत्म्याबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला. कलेबद्दल इतका समंजस प्रतिसाद मला नंतर पुण्यातही मिळाला नाही.

पुण्यात काय मिळालं तेही सांगते. तिथल्या एका प्रदर्शनात माझा धुराड्याचा फोटो निवडला गेला. आयोजकांनी त्याच्याखाली आपल्या मनानेच लिहिलं होतं, 'एका मृत उद्योगाचं शोकगीत'. प्रेक्षक फोटोपुढे थांबून उसासे टाकत होते. एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि कारखाना कधी बंद पडला ते विचारलं. त्या क्षणी तो कारखाना तीन पाळ्यांत चालू होता, पाच मैलांवर मळीचा वास जात होता आणि त्या फोटोतल्या भिंतीमागे माझा नवरा घामाने निथळत उभा होता. हे मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण प्रमाणपत्र वाटप अजून व्हायचं होतं.

आता नवऱ्याबद्दल. बारा हंगाम ते हंगामी होते. म्हणजे दिवाळीच्या आसपास कारखाना सुरू झाला की यांना काम, आणि उन्हाळ्यात कारखाना बंद झाला की काम बंद. मग पाऊसपाण्याचे चार-पाच महिने हे सुप्याला एका कंपनीत कंत्राटी कामावर जायचे आणि तिथे चौघांत एक खोली घेऊन राहायचे. आठवड्यातून एकदा घरी यायचे तेही पाहुण्यासारखे. टॉवेल कुठे ठेवलाय ते विचारायचे. आमची मुलगी पाच वर्षांची असताना एकदा तिने मला दारातून हाक मारून सांगितलं होतं की सुप्याचे पप्पा आलेत. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. हे कायम व्हायला हवे होते. कायम झालं की बारा महिने कारखान्यातच काम. हंगाम नसला तर यंत्रांची दुरुस्ती, पण घर सोडून जाणं नाही. बॉयलरची परीक्षा हे पास झालेले, बारा वर्षांत एक खाडा नाही. दर हंगामाच्या सुरुवातीला कायम करायच्या कामगारांची यादी लागायची आणि दरवर्षी तिच्यात यांचं नाव नसायचं. त्या वर्षी मात्र साहेबांच्या पीएंनी स्वतः सांगितलं होतं की यंदा नाव आहे, गव्हाणपूजन झालं की यादी लागेल.

गव्हाण म्हणजे ऊस यंत्रात टाकायची जागा. तिची पूजा करून साहेब उसाची पहिली मोळी टाकतात आणि हंगाम सुरू होतो. त्यासाठी गेटवर मोठा फ्लेक्स लागतो. माझ्या प्रमाणपत्राची बातमी आमच्याकडच्या पेपरात आली होती, ती साहेबांनी वाचली आणि पीएंना सांगितलं की या वर्षी फ्लेक्सवर बाईंचा फोटो घ्या, जरा वेगळं होऊ द्या. पीए मला म्हणाले, "मॅडम, वेगळं करा, पण साहेब मोठे दिसले पाहिजेत."

मी खुशीत कबूल झाले. मग फ्लेक्सचा नमुना माझ्या मोबाईलवर आला आणि माझं डोकं फिरलं. माझं काळंपांढरं, तीन रविवार वाट बघून मिळवलेलं धुराडं, आणि त्याच्यापुढे गुलाबी फेट्यातले साहेब, हिरव्या शालीत, हात जोडून. खाली एकवीस संचालकांचे एकवीस रंगीत चेहरे. आत्म्याचा पार चुराडा. मी पीएंना फोन करून तडकाफडकी सांगितलं की एक तर सगळं ब्लॅक अँड व्हाइट होईल, नाहीतर माझा फोटो परत द्या. पीए घाईत होते. ते म्हणाले, "करा हो काय करायचं ते, पण उद्या संध्याकाळी गेटवर लागला पाहिजे."

मी स्वतः कोपरगावला गेले. फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर एक तरुण माणूस बसला होता. त्याला मी सांगितलं, सगळा रंग काढा.

"मॅडम, साहेबांचाबी?"

"सगळ्यांचा."

"म्हंजे फेट्याचाबी?"

"फेट्याचाबी."

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग बटण दाबलं आणि साहेब करडे झाले. फेटा करडा, शाल करडी, एकवीस संचालक करडे. मला ते अप्रतिम दिसलं. मग मी आणखी हात चालवला. 'शुभेच्छुक' हा शब्द मला बाजारू वाटला, तो काढायला लावला. 'गळीत हंगाम शुभारंभ' हे भडक मोठ्या अक्षरांत होतं, ते खाली कोपऱ्यात अगदी बारीक करायला लावलं. मजकूर बाकी जसा होता तसा ठेवला: वर 'सहकाराचा दीपस्तंभ', मध्ये 'आमचे प्रेरणास्थान', खाली 'आपले आशीर्वाद सदैव आमच्या पाठीशी', आणि त्याखाली 'समस्त संचालक मंडळ, सभासद व कामगार'.

तो माणूस म्हणाला, "खाली समई टाकायची का?"

"समई कशाला?"

"न्हाई, असंच. टाकत असतो आमी."

मी नको म्हणाले. कलेत साधेपणा हवा, हेही त्याला समजावून सांगितलं. त्याने निमूटपणे प्रिंट काढला आणि जाताना का कोण जाणे, दुकानातून उठून मला दारापर्यंत सोडायला आला.

वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी शिकलेली होते ना. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की जिवंत पुढाऱ्याच्या आणि गेलेल्या पुढाऱ्याच्या फ्लेक्समध्ये मजकुराचा काही म्हणजे काही फरक नसतो. दीपस्तंभ तोच, प्रेरणास्थान तेच, आशीर्वाद तेच. फरक असतो तो रंगाचा. रंगीत म्हणजे वाढदिवस, काळापांढरा म्हणजे दहावा. चौकातून मोटारसायकलवर जाताना माणूस अक्षर वाचत नाही, रंग बघतो आणि त्याप्रमाणे चेहरा करतो.

संध्याकाळी फ्लेक्स गेटवर चढला. गेटवरचे लोक कर्तव्यदक्ष. पूजेच्या आदल्या दिवशी कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूला झेंडूचा हार घालायचा, असा रिवाज. त्यांनी वजनकाट्याला हार घातला, गव्हाणीला घातला, साहेबांच्या गाडीला घातला आणि शिडी लावून फ्लेक्सवरच्या साहेबांच्या गळ्यातही घातला.

सकाळी पहिल्या पाळीचे लोक गेटवर आले, त्यांनी वर पाहिलं आणि टोप्या काढल्या.

शाळेत पोचले तर प्रार्थनेच्या मैदानावर सुतकी शांतता. माझ्या सहशिक्षिकेने डोळे पुसत सांगितलं, "अगं, साहेब गेले." कसे, कधी, काही माहीत नव्हतं; पहाटे गेले म्हणत होते, झोपेतच गेले म्हणत होते, हाल झाले नाहीत म्हणत होते. साहेबांचा फोन बंद होता, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. मुख्याध्यापकांनी दहा मिनिटं भाषण केलं. आदल्याच आठवड्यात याच मुख्याध्यापकांनी शाळेचं छप्पर गळतं तरी साहेब लक्ष देत नाहीत म्हणून आम्हा सगळ्यांपुढे हात चोळले होते. आज ते म्हणाले की साहेब म्हणजे या शाळेचं छप्पर होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मग दोन मिनिटं स्तब्धता झाली, शाळा सोडून दिली, आणि दुःखद बातमी कळलेली पोरं आनंदाने ओरडत पळाली.

मला वाईट वाटलं का? खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार यादीचा आला. सही झाली होती की नाही? झाली नसेल तर आता कोण करणार? दुसरा विचार आला की सगळा गाव साहेबांच्या वस्तीवर जाणार, उद्या जो कोणी गादीवर बसेल तो आज कोण आलं आणि कोण आलं नाही ते बघणार. आणि आमचे हे सकाळच्या पाळीला बॉयलरवर.

मी फोन लावला. उचलला नाही. बॉयलर हाऊसमध्ये इतका आवाज असतो की कानाशी ढोल वाजवला तरी कळणार नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"अहो, साहेब गेले!" मी ओरडले.

"ऐकलं. हाताखालचे दोघं बी तिकडंच गेलेत. मी एकटाच हाय."

"मग तुम्ही पण जा! सगळे गेलेत. नंतर विचारतील, कुठं होता म्हणून."

"प्रेशर चढतंय गं. अकराला मिल फिरवायची हाय."

"साहेबच गेले तर मिल कशाला फिरवतील? सोडा ते बॉयलर आणि जा वस्तीवर. आपल्या पोरीची शपथ आहे तुम्हाला."

ते काहीतरी बोलले ते आवाजात ऐकू आलं नाही, आणि फोन कट झाला.

मीही निघाले. गाडीची किल्ली शोधताना मोबाईल उघडला तर प्रत्येकाच्या स्टेटसला एकच फोटो. वर 'भावपूर्ण', खाली हात जोडलेले, आणि मध्ये माझं धुराडं. माझं! ती डाव्या बाजूची सावली, ती तीन पाखरं, सगळं माझं. त्याच्यापुढे करडे साहेब आणि गळ्यात झेंडूचा हार. साहेब कशाने गेले ते मला तेव्हा कळलं. मीच त्यांना मारलं होतं, कोपरगावात, कॉम्प्युटरवर.

वस्तीवर पोचले तर गाड्यांची रांग कालव्यापर्यंत. अंगणात रडारड. आणि ओसरीवर चौरंगावर, सोवळं नेसून, साहेब बसलेले. डोळे टक्क उघडे. गव्हाणपूजनाच्या दिवशी ते मुहूर्तापर्यंत मौन पाळतात आणि फोन बंद ठेवतात. वर्षभर जे बोलतात त्याचा तो उतारा असावा. त्यामुळे स्वतःच्या मृत्यूचं खंडन त्यांना तोंडाने करता येत नव्हतं. त्यांनी खुणेने कागद मागितला, त्यावर काहीतरी लिहिलं, आणि पीएंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, "साहेब म्हणतात, मी आहे."

आता रडत आलेल्या माणसाने करायचं काय? रडू आयत्या वेळी गिळता येत नाही. मग लोकांनी त्याच रडण्याचं आनंदाश्रूंत रूपांतर केलं आणि पायांवर लोळण घेतली. "साहेब, तुमी हायत! आमचं काय झालं असतं!" उपाध्यक्ष गाडीतून मोठं पुष्पचक्र घेऊन उतरले, साहेबांना पाहिलं आणि त्याच पावली पुष्पचक्र डिकीत ठेवून मोकळ्या हाताने परत आले. साहेबांची जामखेडला दिलेली बहीण दुपारी पोचली. तिने दारातूनच टाहो फोडला, मग भाऊ भजी खाताना दिसला तेव्हा तिने त्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला. दिवसभरात खरं दुःख तेवढं एकच दिसलं.

पीए मात्र सवयीचा गुलाम. मोठ्या घरी मयत झाली की भेटायला येणाऱ्यांची वही ठेवतात, तशी त्यांनी सकाळीच उघडली होती आणि साहेब जिवंत आहेत हे कळल्यावरही ती बंद करायचं त्यांना सुचलं नाही. गोदामाचे कोण, मिलचे कोण, शेतकी खात्याचे कोण, खातेनिहाय नावं उतरत होती. माझंही नाव शाळेच्या खाली उतरलं. साहेब अधूनमधून वहीकडे बघत आणि मान डोलवत. ते बघून मी अंगणातल्या आंब्याखाली जाऊन पुन्हा फोन लावला. सुदैवाने लगेच उचलला.

"अहो, साहेब जिवंत आहेत!"

"बरं झालं."

"तरी पण या लवकर! नावं लिहून घेतायत."

"जिवंत हायत तर कशाला येऊ?" ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अकराचा मुहूर्त साधला. साहेब वाजतगाजत कारखान्यात आले, मोळी टाकली, मौन सोडलं, कोणीतरी बटण दाबलं आणि मिल फिरली. टाळ्या झाल्या. ऊस पिळणारी ही मिल वाफेवर फिरते आणि ती वाफ त्या सकाळी एकट्या माणसाने धरून ठेवली होती, हे कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. साहेब माईकवर म्हणाले, "लोकांचं प्रेम मेल्यावर कळतं म्हणत्यात. मला ते बसल्या बसल्या कळालं." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. फ्लेक्सबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

पुढचे आठ दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही की तू तो फेटा करडा का केलास. उलट शाळेत जाताना म्हणायचे, "घाबरू नको, बोलंल ते ऐकून घ्यायचं." माझ्या हौसेपायी यांचं कायम होणं गेलं, असं मी मनाशी धरूनच चालले होते. कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता. विकायचाही विचार केला.

आठव्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये गेले तर भिंतीवर तोच फ्लेक्स, छोटा करून, काचेत.

"या बाई," साहेब म्हणाले. "लई झकास फोटो काढला तुमी. मला सत्तर वर्षांत जे कळालं न्हाई ते तुमच्या फोटोनं एका सकाळीत कळालं. कोन आपला आन् कोन न्हाई."

मला हायसं वाटलं. इतकं की मी बसले, न सांगता.

"पुढंबी असाच लावायचा," ते म्हणाले. "दर दोन-तीन वर्षांनी लावला पायजे."

मी हसले. मग धीर करून यादीचं विचारलं.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी वरून खाली वाचला, खालून वर वाचला. त्यात गोदामाचे होते, मिलचे होते, बॉयलरवरून निघून गेलेले दोघंही होते. त्यांतला एक तर दोन हंगामांपूर्वी लागलेला. यांचं नाव नव्हतं.

"साहेब, यांचं नाव यंदा होतं म्हणाले होते पीए."

"हुतं," साहेब म्हणाले. "पर वहीत न्हाई सापडलं. त्या दिवशी कुठं हुता तो?"

"बॉयलरवर होते."

"मी मेलो हे त्याला कळालं नव्हतं?"

"कळलं होतं."

"कळूनबी बॉयलरवर?" साहेबांना खरंच दुखल्यासारखं दिसलं. त्यांनी कागद परत ओढून घेतला. "बघा म्हंजे, बाई. कारखाना म्हंजे कुटुंब असतंय. आता तुमीच सांगा."

मी काय सांगणार? एकटा माणूस वाफ सोडून रडायला आला असता तर मुहूर्ताला मिल फिरली नसती, एवढं साधं वाक्य होतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं. पण ते बोलायला मला तोंड कुठे होतं? मी तिथून उठले, नमस्कार केला आणि बाहेर आले. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

घरी आल्यावर यांना सांगितलं. ते पायरीवर बसून बूट काढत होते. ऐकता ऐकता दुसराही बूट काढला. मग म्हणाले, "मी निघालो हुतो, बरं का."

"कुठे?"

"वस्तीवर. तुझा फोन आल्यावर. पोरीची शपथ घातलीस न्हवं. हातमोजे काढून ठेवले, दारापर्यंत गेल्तो. जाता जाता मागं बघितलं तर काचेतलं पाणी खाली चाललं हुतं."

बॉयलरला एक उभी काच असते, तिच्यात आतलं पाणी किती आहे ते दिसतं. पाणी त्या काचेतून दिसेनासं झालं की नळ्या तापून फुटतात, आणि तेव्हा तिथे जो कोणी असेल त्याचं काही उरत नाही, आसपासच्यांचंही नाही. गेटपासून बॉयलर फार लांब नाही, आणि त्या सकाळी फ्लेक्स बघायला गेटवर अर्धं गाव उभं होतं. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्या काचेचे मी कमीत कमी पन्नास फोटो काढले असतील. तिच्यावर दुपारचा उजेड फार सुरेख पडतो.

"मागे बघितलं नसतं तर?" मी विचारलं.

"तर यादीत नाव असतं," ते म्हणाले, आणि बूट उचलून आत गेले. आवाजात राग नव्हता, म्हणून मला रडू आलं. तीन वर्षं मी त्या बॉयलर हाऊसच्या भिंती, जिने, सावल्या यांचं कौतुक जगाला सांगत होते आणि त्या दिवशी ते सोडून जा म्हणून यांना शपथ घातली तीही मीच. त्यांनी ऐकलं असतं तर साहेबांसाठी काढलेला तो फ्लेक्स मला घरच्यासाठी पुन्हा काढावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी यांची दुसरी पाळी होती. मी डबा भरला, पिशवी हातात दिली आणि विचारलं, "त्या काचेत पाणी कुठपर्यंत असायला लागतं?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, डाव्या हाताचा तळवा आडवा धरला आणि उजव्या हाताचं बोट त्याच्यावर चार अंगुळं उंच धरून दाखवलं. "एवढं. याच्या खाली गेलं की पळायचं न्हाई, आधी पंप चालू करायचा."

मग ते कामावर गेले.